तीन फेब्रुवारीपर्यंत पुरवायचा पनेत्तोने

मिलानचे लोक डिसेंबरात पनेत्तोने, म्हणजे बेदाणे घातलेला उंच, गोड नाताळचा पाव, खातात ही समजूत अर्धीच खरी आहे. डिसेंबरात तो मुख्यतः फिरतो. नवऱ्याला ऑफिसातून एक मिळतो, मला एक मिळतो, मुलीच्या मैत्रिणीची आई येताना एक घेऊन येते, आम्ही कोणाकडे जेवायला निघालो की त्यातलाच एक रिबिनीला धरून उचलतो आणि परत येईपर्यंत कोणीतरी दाराशी आणखी एक ठेवून गेलेलं असतं. एका वर्षी तर मला दाट शंका होती की आम्हीच दिलेला डबा चार घरं फिरून आमच्याकडे परत आलाय, कारण कोपऱ्यावरचा पोचा मला ओळखीचा वाटत होता. नवरा म्हणाला असू दे, डबा न उघडता फिरला म्हणजे ताजाच आहे.

बरं, नाताळच्या दिवशी तो कापतात कधी, तर जेवणाच्या शेवटी. आधी थंड पदार्थांच्या ताटल्या, मग सूपमध्ये सोडलेले राव्हिओली (आत सारण भरलेला पास्ता), मग भाजलेलं मांस आणि त्याच्या बाजूला दोन भाज्या, मग चीज, मग अक्रोड आणि मँडरिन संत्री, हे सगळं दुपारी एकला सुरू होऊन चार वाजेपर्यंत चाललेलं असतं आणि तेव्हा यजमानीण तो उंच घुमट टेबलाच्या मधोमध आणून ठेवते. कोणाच्या पोटात जागा नसते. प्रत्येकजण एक पातळ फोड घेतो, "किती हलका झालाय!" म्हणतो, आणि अर्ध्याच्या वर उरतोच. तो परत पिशवीत जातो, पिशवीला वरून क्लिप लागते, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी दुसरा डबा उघडतं. मला सांगायचंय ते या उरलेल्याबद्दल, आणि त्याचा अंडं-दुधात बुडवून तव्यावर परतलेला फ्रेंच टोस्ट कसा करायचा त्याबद्दल.

सहा जानेवारी हा इथे सणांचा शेवटचा दिवस, त्यावर इटालियनमध्ये एक यमक जुळवलेली म्हण आहे, की एपिफनी (म्हणजे हाच सहा जानेवारीचा सण) येते आणि सगळे सण बरोबर घेऊन जाते. सगळे सण नेते, पण पनेत्तोने मागेच राहतात. सुपरमार्केटमध्ये त्यांचे ढीग दाराजवळ येतात, त्यावर लाल अक्षरात किंमत खोडलेली असते आणि कारखान्यात बनलेला किलोभराचा डबा कधीकधी साध्या पावाच्या किलोपेक्षा स्वस्त पडतो. म्हणजे इतकं लोणी, इतकी अंडी, इतके बेदाणे घातलेली वस्तू दोन-अडीच युरोला आणि शेजारच्या काउंटरवर पीठ, मीठ, पाणी आणि यीस्टचा पाव त्याहून महाग. चांगल्या पेस्ट्रीवाल्याकडचा हाताने केलेला घ्यायला जावं तर किलोला चाळीस युरो सहज जातात, तो मात्र जानेवारीत उरत नाही, कारण तो मोजूनच केलेला असतो आणि मोजूनच विकत घेतलेला असतो. उरतो तो स्वस्तातला. त्यामुळे माझं सगळं बोलणं त्या स्वस्तातल्याबद्दल आहे, महागाच्या पनेत्तोनेचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी तरी तो उभ्याउभ्या तसाच खाऊन टाकते.

इथे नवीन होते तेव्हा मला हे सगळं उरणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी वाटायची. मग खालच्या मजल्यावरच्या सिन्योराबाईंशी जिन्यात गप्पा व्हायला लागल्या आणि कळलं की मिलानमध्ये पनेत्तोने उरत नाही, उरवतात. तीन फेब्रुवारी हा सान ब्याजोचा दिवस. हा सेबास्तेचा बिशप, ते गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं सिवास, आणि त्याची कथा अशी की एका मुलाच्या घशात माशाचा काटा अडकला होता तो त्याने सोडवला, म्हणून तो घशाचा राखणदार. मिलानमध्ये या दिवशी सकाळी उठल्यावर, काहीही पोटात जायच्या आत, नाताळच्या पनेत्तोनेचा राखून ठेवलेला तुकडा खायचा. घरातल्या सगळ्यांनी. म्हणजे वर्षभर घसा आणि नाक ठीक राहतं. मिलानच्या बोलीत त्याची एक ओळ आहे, ती सिन्योराबाई नाकाला बोट लावून म्हणतात.

यामागे एक गोष्ट सांगतात आणि मला ती भयंकर आवडते, कारण तिच्यातला साधू अगदी आपल्यातला आहे. एक बाई नाताळच्या आधी आपला पनेत्तोने आशीर्वादासाठी देसिदेरिओ नावाच्या साधूकडे ठेवून जाते. साधू कामाच्या गडबडीत विसरतो, बाईही विसरते. सण उलटून जातो. मग साधूला तो पनेत्तोने दिसतो, बाई काही आता येत नाही असं तो मनाशी ठरवतो, त्याला आशीर्वाद देतो आणि थोडा थोडा तोडत सगळा संपवतो. आणि बाई येते ती नेमकी तीन फेब्रुवारीला. साधू ओशाळून निदान रिकामा कागद तरी परत करावा म्हणून आत जातो, तर तिथे आधीच्या दुप्पट आकाराचा पनेत्तोने! हा चमत्कार सान ब्याजोच्या नावावर जमा झाला. मला यात चमत्कारापेक्षा ते 'थोडा थोडा तोडत' जास्त पटतं, कारण पनेत्तोने संपतो तो असाच, जाता येता.

दुकानदारांनी अर्थात हा संत हातचा जाऊ दिलेला नाही. जानेवारीच्या शेवटी मिलानमधल्या बेकऱ्यांमध्ये 'सान ब्याजोचे पनेत्तोने' अशी पाटी लागते, एकावर एक फुकट वगैरे, उरलेला माल खपतो आणि पुण्यही लागतं.

आता फ्रेंच टोस्टकडे येते. पण त्याआधी या पावात काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. इटलीत पनेत्तोने म्हणून काहीही विकता येत नाही, त्याला कायदा आहे, २२ जुलै २००५ चा सरकारी हुकूम. त्यात लिहिलंय की पीठ नैसर्गिक आंबवणाने फुगलेलं हवं, लोणी कमीत कमी १६ टक्के, अंड्याचा पिवळा बलक कमीत कमी ४ टक्के, आणि बेदाणे नि पाकवलेल्या लिंबूवर्गीय साली मिळून कमीत कमी २० टक्के. पांदोरोला, म्हणजे व्हेरोनाच्या साध्या, बिनबेदाण्याच्या भावंडाला, लोणी २० टक्के. म्हणजे दोन युरोचा असला तरी नावाचा पनेत्तोने असेल तर त्यात लोणी आणि बलक एवढे असावेच लागतात. फक्त लेबल नीट वाचा, कारण तसाच डबा, तशीच रिबीन, आणि खाली बारीक अक्षरात 'नाताळचा केक' असलं काहीतरी लिहिलेलं असतं, त्याला हा कायदा लागत नाही आणि त्यात लोण्याऐवजी काय काय असू शकतं ते विचारू नका. त्याचा टोस्ट करू नका, कशालाही वास येत नाही.

आणि करायला लागणारा वेळ! आंबवण जिवंत ठेवायला त्याला वारंवार नवीन पीठ-पाणी द्यायचं, पहिलं मळण रात्रभर फुगायला ठेवायचं, सकाळी त्यात परत लोणी, बलक, साखर, फळं, मग गोळा कागदी साच्यात, परत काही तास. भाजून बाहेर काढला की खालून दोन सुया टोचायच्या आणि उलटा टांगायचा, वटवाघळासारखा, पार गार होईपर्यंत. कारण लोणी आणि अंडी इतकी की सरळ ठेवला तर स्वतःच्या वजनाने बसतो. पूर्वी पनेत्तोने असा उंच नव्हताच, बसका, पसरट असायचा. आंजेलो मोट्टा यांनी १९१९ मध्ये मिलानला बेकरी काढली, पिठाला कागदाची कड दिली, आणि नंतर तो कारखान्यातून निघायला लागला तेव्हा सगळ्या इटलीत हीच उंच टोपी म्हणजे पनेत्तोने असं ठरून गेलं.

तर हा असा पाव. लोणी आत, अंडं आत, साखर आत, संत्र्याचा वास आत. आणि फ्रेंच टोस्ट म्हणजे काय, तर ज्या बिचाऱ्या पावात यातलं काहीच नाही त्याला हे सगळं बाहेरून द्यायचं. प्राचीन रोमन स्वयंपाकातही हा प्रकार होता, पांढऱ्या पावाची कड काढून तुकडे दुधात बुडवायचे, तेलात तळायचे, वरून मध. कोरड्या पावावर हे बरोबरच आहे. पण पनेत्तोनेवर लोक तेच्या तेच करतात, क्रीम ओततात, दोन चमचे साखर घालतात, व्हॅनिला घालतात, भरपूर लोण्यात परततात आणि वरून सिरप. पहिला घास बरा लागतो. तिसऱ्या घासाला नाताळचं जेवण आठवतं.

माझी आई व्हिडिओ कॉलवर हे बघत होती. "अगं, एवढा लोण्याने भरलेला पाव आणि तू परत लोण्यात तळतेस?" तिने पनेत्तोने आयुष्यात एकदाच खाल्लाय आणि त्यावरही तिचं मत 'बेदाणे चांगले होते' एवढंच आहे, पण मुद्दा तिने नेमका पकडला. या टोस्टमध्ये आपण जितकं कमी करू तितका तो चांगला होतो. त्याला द्यायचं आहे ते फक्त दोन गोष्टींपुरतं, आतला गेलेला ओलावा आणि बाहेरचा कुरकुरीत थर. बाकी बेकरीवाल्याने केलंय.

आणि इथेच मला तो संत आणि स्वयंपाकघर यांचं फार छान जुळलेलं दिसतं. पाव शिळा होतो म्हणजे नुसता वाळतो असं आपण धरून चालतो, तसं नाहीये. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो, आणि पाव गार झाल्यावर तो हळूहळू परत आवळायला लागतो, कडक होतो. पाणी आतच असलं तरी पाव कडक लागतो ते यामुळे. फ्रीजच्या थंडीत हे सगळ्यात जोरात होतं, म्हणून पनेत्तोने फ्रीजमध्ये ठेवणारी माणसं बघितली की मला राहवत नाही, मी त्यांच्या घरात जाऊन सांगते. आणि गरम केलं की हा आवळलेला स्टार्च बराचसा परत सैल होतो. मिलानचे लोक कापायच्या आधी पनेत्तोनेचा डबा थोडा वेळ हीटरच्या जवळ ठेवतात ना, ते मात्र लोण्यासाठी आणि वासासाठी. लोणी मऊ होतं आणि वास उठतो.

साध्या पावाला या अवस्थेला यायला दोन दिवस पुरतात. पनेत्तोनेला आठवडे लागतात, कारण त्यातलं लोणी, साखर, बलक, आंबवणाचा आंबटपणा, आणि कारखान्याच्या मालात मोनो आणि डायग्लिसराइड्स (पाव मऊ ठेवायला घालतात ती द्रव्यं) असतात तीही, सगळे मिळून स्टार्चला लवकर आवळू देत नाहीत. उघडलेल्या पिशवीत, नाताळनंतर तीन-चार आठवडे झाले की तो बरोबर जमतो, बोटाने दाबला तर लगेच वर येत नाही, कापताना चुरा पडत नाही पण सुरी जरा अडते. टोस्टला असाच पाहिजे. डिसेंबरातला ताजा पनेत्तोने अंड्यात बुडवला तर हातात यायच्या आत त्याचा लगदा होतो. म्हणजे जानेवारी अखेर, फेब्रुवारीची सुरुवात. संताची तारीख आणि स्टार्चची तारीख एकच. हे कोणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही, पण शेकडो घरांनी शिळा तुकडा पुरवून पुरवून खाताना तो नेमका कधी बरा लागतो हे त्यांच्या जिभेला कळलं नसेल असंही मला वाटत नाही.

कापायचा कसा हा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. टेबलावर पनेत्तोने केकसारखा उभा कापतात, त्रिकोणी फोडी निघतात. टोस्टला ती फोड नाही चालत, टोक पातळ आणि पाठ जाड, टोक तव्यावर जळतं तेव्हा पाठीत कच्चं अंडं असतं. त्याला आडवा झोपवायचा, कागद सोलून काढायचा (खालच्या कागदाला चिकटून येतो तो गडद, जवळजवळ कॅरॅमल झालेला थर, तो सुरीने खरवडून खाणे हा स्वयंपाक करणाऱ्याचा हक्क आहे) आणि दातेरी सुरीने आडव्या गोल चकत्या पाडायच्या, बोटभर जाडीच्या, दोन-अडीच सेंटिमीटर. त्याहून पातळ केल्या तर उचलताना फाटतात. अर्धाच उरला असेल तर अर्धवर्तुळं निघतील, ठीक आहे. वरचा घुमट वेगळा ठेवायचा, तो सपाट बसत नाही.

टेबलावरची उभी फोड उजेडासमोर धरून बघा एकदा. भोकं सगळीकडे सारखी नसतात, वर मोठी, लांबट, खालच्या बाजूला बारीक, आणि मधले धागे उभे ओढल्यासारखे दिसतात, कारण तो साच्यात वरच्या दिशेने फुगलेला असतो आणि उलटा टांगल्यामुळे न बसता तसाच स्थिर होतो. तोडला तर तुकडा पडत नाही, धागा निघतो. या धाग्यांमुळेच तो भिजल्यावर एकत्र राहतो आणि या भोकांमुळेच तो प्रमाणाबाहेर पितो, दोन्ही खरं आहे आणि सगळं कौशल्य या दोन्हींच्या मध्ये आहे.

म्हणून चकत्या आधी थोड्या वाळवून घ्यायच्या. ओव्हनमध्ये दीडशे डिग्रीला दहा मिनिटं, जाळीवर, रंग यायला नको, फक्त पृष्ठभाग कोरडा लागला पाहिजे. किंवा रात्री नुसत्या जाळीवर उघड्या ठेवल्या तरी चालतात, घरात हीटर चालू असला की सकाळपर्यंत होतंच. मिश्रण चार चकत्यांना दोन अंडी आणि वर एक बलक, अर्धा कप दूध, म्हणजे साधारण १२० मिली, चिमूटभर मीठ आणि हवी तर संत्र्याची किसलेली साल. साखर नाही. मीठ विसरू नका, गोडाला आवर घालतं ते. घरात मार्साला वाईन उघडी असेल तर एक चमचा घाला, नसेल तर त्यासाठी बाटली आणायला जाऊ नका. सगळं गाळणीतून गाळून पसरट ताटात ओतायचं, गाळायचं अशासाठी की अंड्याच्या पांढऱ्याचे जे लांबलचक धागे राहतात ते चकतीच्या भोकात अडकतात आणि तव्यावर त्यांचं छोटं छोटं ऑम्लेट होतं.

बुडवायचं एका बाजूला दहा-पंधरा सेकंद, मग उलटून तेवढंच. पावाचा टोस्ट करताना लोक पाच-दहा मिनिटं भिजत ठेवतात, इथे ते करायचं नाही. उलथण्याने खालून पूर्ण आधार देऊन उचलायची, एका कोपऱ्याला धरून उचललीत तर तो कोपरा तुमच्या हातात आणि चकती ताटात. उचलल्यावर दोन क्षण धरून ठेवा, खालून आधी धार पडते, मग थेंब, थेंब सावकाश झाले की तव्यावर.

तवा मंद. हे मी पुन्हा पुन्हा सांगणार कारण घाईचा स्वभाव इथे लगेच दिसून येतो. आत साखर आहे, दूध आहे, लोणी आहे, हे सगळं फार पटकन रंगतं, मध्यम आचेवर दोन मिनिटांत बाहेरून गडद आणि मधोमध अजून थंड अंडं. दुधात मिसळलेलं अंडं नीट बसायला आत ऐंशी डिग्रीच्या आसपास पोचावं लागतं आणि अडीच सेंटिमीटर जाडीच्या मऊ पावातून उष्णता निवांतच आत जाते. लोणी फक्त तव्याला पुसण्यापुरतं, आतलं लोणी स्वतःहून बाहेर येतंच, कडेने बारीक बुडबुडे दिसायला लागतात ते तेच. चकतीच्या कापलेल्या बाजूला जे बेदाणे अर्धे कापले गेलेत त्यांच्यावर नजर ठेवा. ते आधी फुगतात, टचटचीत गोल होतात, मग चमकतात, आणि मग एका क्षणात काळे नि कडू. फुगले की उलटायची वेळ झाली असं समजा, घड्याळ बघायची गरज नाही. दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की सगळ्या चकत्या ओव्हनमध्ये एकशे साठला सात-आठ मिनिटं. मधोमध बोटाने दाबून बघायचं, वर उसळून आली पाहिजे आणि कडेने ओलं काही निघायला नको.

हे सगळं मी पहिल्यांदा सिन्योराबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. इटालियन माणसाला सकाळी अंडं ही कल्पनाच पटत नाही, सकाळी कॉफी आणि त्यात बुडवायला काहीतरी गोड, बस. पण मिलानच्या बाईला उरलेल्याचं काही करायला शिकवायला जाणं हाही जरा आगाऊपणाच होता माझा, कारण या शहराचे अर्धे आवडते पदार्थ उरलेल्यातून आलेत. केशराचा रिझोतो (इथला मऊसर भात) उरला की दुसऱ्या दिवशी तो लोण्यात थापून दोन्ही बाजूंनी कडक करतात, रिझो अल साल्तो, आणि तो खायला लोक हॉटेलात पैसे मोजतात. उरलेल्या शिजवलेल्या मांसाचे मोंदेगिली नावाचे तळलेले गोळे. मिलानच्या उत्तरेला ब्रिआंझात शिळा पाव दुधात भिजवून त्यात कोको, आमारेत्ती बिस्किटं, बेदाणे घालून गडद केक करतात, तो तर गावच्या जत्रेचा मानाचा पदार्थ. त्या मानाने आपलं हे अंडं-दूध काय विशेष!

तर सिन्योराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "तुम्ही काय हवं ते करा, पण तीनला सकाळी आधी कोरडा तुकडा. उपाशीपोटी. मग तुमचं ते तळा." भिजवलेला, तळलेला पनेत्तोने घशाला लागू पडत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. आम्ही ही अट पाळतो. मुलगी डोळे चोळत येते, कोरडा तुकडा कसाबसा गिळते, घसा त्यानेच जास्त अडतो असं दरवर्षी म्हणते, आणि मग तव्याजवळ येऊन उभी राहते. नंतर मी एक चकती झाकून खाली पाठवली होती. ताटली परत आली ती धुऊन, आणि त्यावर दोन मँडरिन. बोलणं काही झालं नाही त्या विषयावर.

वरून काय घालायचं यावर मात्र माझं ठाम मत आहे, आंबट काहीतरी हवं. जानेवारी-फेब्रुवारीत इथे सिसिलीची लाल संत्री येतात, एटना ज्वालामुखीच्या आसपासच्या बागांमधली, तिथे दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, त्या फरकाने आतला गर लालभडक होतो. त्यांची साल आणि पांढरा पडदा सुरीने काढून नुसत्या गराच्या चकत्या कापायच्या, कापताना सांडलेला रस टोस्टवर, बास. ज्यांना क्रीम हवंच त्यांनी मास्कारपोनेचा, म्हणजे मऊ मलईदार चीजचा, एक चमचा बाजूला घ्यावा, वर नाही, वर घातला की वितळून खालचा कुरकुरीत थर मऊ करतो आणि मग एवढा मंद तवा कशासाठी सांभाळला? मेपल सिरप माझ्या घरात या टोस्टच्या जवळपास येऊ शकत नाही.

पाकवलेल्या सालींचं भांडण इथे घराघरात आहे. अर्धी इटली पनेत्तोनेतली ती संत्र्याची आणि सिट्रॉनची (महाळुंगाची) साल बोटाने टोकरून ताटलीच्या कडेला रचते, म्हणून आता 'बिनसालीचे' पनेत्तोने स्वतंत्र मिळतात. माझी मुलगी त्याच गटातली. पण टोस्टमध्ये ती साल ती खाते, आणि मला वाटतं त्याचं कारण गरम होणं आहे, थंड असताना ती चिकट, दाताखाली रबरासारखी लागते, तव्यावर तिच्यातली साखर पातळ होते आणि आतला कडवट तेलाचा वास मोकळा होतो. हे मी मुलीला समजावून सांगत नाही. सांगितलं तर टोकरायला लागेल.

पांदोरोचं वेगळं सांगायला हवं. व्हेरोनाच्या दोमेनिको मेलेगात्ती यांनी १४ ऑक्टोबर १८९४ ला त्याचं पेटंट घेतलं, आठ टोकांचा तो साचा आंजेलो दाल्लोका ब्यांका या चित्रकाराने काढून दिला असं सांगतात, आणि त्या साच्यामुळे पांदोरो आडवा कापला की चकतीऐवजी तारा निघतो. टोस्ट दिसायला इतका सुंदर होतो की फोटो काढणारे सगळे पांदोरोच घेतात. चवीला मला तो सपाट वाटतो. लोणी जास्त, बेदाणे नाहीत, साल नाही, आंबटाची चाहूल नाही, तव्यावर गेला की तो जवळजवळ केकच होतो. शिवाय त्याच्या डब्यात पिठीसाखरेची पुडी येते आणि लोक ती पिशवीत ओतून पांदोरो घोळवून ठेवतात, तसा घोळवलेला असेल तर बाहेरची साखर आधी झटकून टाका, नाहीतर तव्यावर ती सगळ्यात आधी जळते. ताऱ्याची टोकं मात्र छान कुरकुरतात, ती मोडून खायला मी पांदोरोला माफ करते.

आणि तो बाजूला ठेवलेला घुमट, वरचा. त्याला अंड्यात नका घालू. लहान तुकडे करून ओव्हनमध्ये मंद आचेवर खडखडीत वाळवा, डब्यात भरा, आठवडाभर कॉफीबरोबर चालतात. लोण्यामुळे जास्त दिवस ठेवले तर खवट वास येतो, तेवढं बघा.

हे सगळं संपेपर्यंत दुकानांमध्ये कोलोंबाचे डबे लागलेले असतात, ईस्टरचा कबुतराच्या आकाराचा पाव. मोट्टा कंपनीने १९३० च्या दशकात तो काढला तो याच हिशेबाने, की नाताळनंतर तीच यंत्रं आणि जवळजवळ तेच पीठ परत कामाला लागावं. तोही भरपूर उरतो. पण त्याचा टोस्ट मी करत नाही. वरचं बदामाचं कवच तव्यावर सुटून येतं, जळतं, पंखांच्या बाजूला सपाट चकतीच निघत नाही, आणि ईस्टरपर्यंत लाल संत्र्यांचा हंगामही उतरणीला लागलेला असतो. कोलोंबा आम्ही पार्कात नेतो आणि हाताने तोडून खातो.